गाऱ्हाणं घालून आणलेली गाडी

मागच्या वेळी कुडाळ स्टेशनवरून धामापूरच्या तळ्याशी आमच्या घरी कसं यायचं ते मी इतकं सावकाश सांगितलं होतं. तरी परवा एका कुटुंबाने मालवणच्या जेटीवर उभं राहून फोन केला, की आजी, तळं काही दिसत नाही. तुम्हा वाचकांच्या डोक्यात काही घालायचं म्हणजे चाळणीत पाणी ओतायचं. म्हणून या वेळी रस्ता सांगतच नाही. आम्ही पुण्याहून जुनी गाडी कशी आणली ते सांगते. एवढं तरी लक्षात ठेवा.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात केतकी लिहून घेते आणि माझी मालवणी शाळेच्या मराठीत बसवते. माणसं एकमेकांशी बोलली तेवढं मात्र तसंच ठेव, असं तिला बजावलं आहे.

तर केतकीचा बाप, म्हणजे माझा मुलगा प्रकाश, ठाण्याला एका कंपनीत ड्रायव्हर होता. आमच्या दोन खोल्यांत पाहुणे यायला लागले तसा तो नोकरी सोडून घरी आला. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, तारकर्ली दाखवायची, देवबागला सोडायचं, हे सगळं भाड्याच्या गाडीने चालायचं आणि हातात काही उरायचं नाही. आपली सात सीटची गाडी झाली तर तो कायमचा घरी राहणार होता. नाही जमलं तर पुन्हा ठाणं. आमचा प्रवास त्यासाठी होता, हौसेसाठी नव्हे.

जुन्या गाड्या कणकवलीतही मिळतात. पण प्रकाशने मोबाइलवर पुण्याच्या पलीकडची एक बघितली, पांढरी, फोटोत नवऱ्या मुलासारखी सजवलेली, आणि इथल्यापेक्षा बरीच स्वस्त. स्वस्त का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. डीलरशी फोन चालला होता तेव्हा मी शेजारीच होते. आमचं आपसातलं बोलणं त्याच्या कानावर पडलं आणि तो एकदम मालवणीवर आला. त्याच्या आईचं गावही आमच्याच तालुक्यातलं निघालं.

"काकी, माझी आवस आचऱ्याची. आपल्या माणसाक मी खराब गाडी देतलंय काय?"

पुण्यात बसून कोणी मालवणी बोललं की आमच्या माणसांचं काय होतं ते विचारू नका. त्याच दिवशी गाडी न बघता टोकनचे पैसे गेले. प्रकाशच्या मनात कट्टा गावच्या गॅरेजवाल्या मित्राला सोबत न्यायचं होतं. मीच त्याची थट्टा केली.

"आपल्या माणसाकडे जाताना मेकॅनिक कित्याक रे होयो? लग्नाक जाताना कोण डबो घेवन जाता?"

तो हसला आणि मित्र राहिला कट्ट्याला.

सकाळच्या एसटीने आम्ही कणकवलीहून निघालो. बायकांना अर्धं तिकीट, आणि माझ्यासारख्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. कंडक्टरने माझ्याकडे दोनदा बघितलं. म्हटलं, बाबा, कार्डावरचा फोटोच वाईट आहे, बाई तीच आहे. फोंडाघाट चढताना खिडकीजवळ बसा. वर दाजीपूरच्या रानात गार वारा लागतो आणि मन उगीचच मोठं होतं. राधानगरीच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर आडवे येतात, तिथे घड्याळ बघू नका. कोल्हापुरात गाडी बदलली. स्टँडसमोर मिसळ खाल्ली, तिने माझे कान पुण्यापर्यंत गरम ठेवले. मुक्काम कात्रजला भाचीकडे.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून डीलरकडे गेलो. पत्र्याची शेड, रांगेने गाड्या, सगळ्या धुतलेल्या. डीलर चाळिशीचा, हसरा. वाकून माझ्या पाया पडला. चहा आला, आचऱ्याच्या देवळाच्या गोष्टी निघाल्या. आमची गाडी पुढे उभी होती, आरशाला गुलाबाच्या वासाची बाटली टांगलेली. आत बसले तर लग्नाच्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटलं.

प्रकाश गाडीभोवती फिरला, चाकांवर हात मारला. तो म्हणणार होता, की जरा हायवेवर चालवून बघतो आणि कोणा मेकॅनिकला बोलावतो. त्याचं तोंड उघडायच्या आत डीलरने नारळ आणला, गाडीसमोर उभा राहिला आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज गाडी घेतल्यान हा. तेचो राखणदार होवन ऱ्हव, आणि वाटेत काय वाकडा-तिकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही, हे तुम्ही इथे राहून गेलेले जाणताच. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी होय म्हणायचं. एकदा होय म्हटलं की काम ठरलं. त्यानंतर बॉनेट उघडून दाखव म्हणायचं म्हणजे देवासमोर त्या माणसाला चोर ठरवायचं. प्रकाशने माझ्याकडे बघितलं, मी नारळाकडे बघितलं. उरलेले पैसे दिले. कागदपत्रं मागाहून पोस्टाने येतील असं तो म्हणाला, आम्ही त्यालाही मान डोलावली.

परतीच्या रस्त्याचं सांगायचं तर कोल्हापूरपर्यंत टोल चारदा लागतो. जेवायचं असेल तर साताऱ्याच्या अलीकडे थांबा, पिठलं-भाकरी चांगली मिळते. प्रकाश मालकासारखा चालवत होता. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाडीत त्याची पाठ ताठ असायची, ती त्या दिवशी सीटला टेकली होती. पावसाळ्यात खोल्यांची डागडुजी, दिवाळीला गोव्याचं भाडं, केतकीला कॉलेजला कुडाळपर्यंत सोडणं, सगळं बोलून झालं. कराडच्या पुढे लख्ख उन्हात वायपर आपोआप फिरायला लागला. मी म्हटलं, गाडीला मालवणच्या पावसाची घाई झाली. दोघंही खूप हसलो. त्या हसण्याचं मला आता वाईट वाटतं.

कोल्हापुरात राहून तिसऱ्या दिवशी गगनबावड्याने उतरलो. करूळ घाटाचं काम निघालं की रस्ता बंद असतो, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. घाटात एका वळणावर स्टिअरिंगमागचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन बंद पडलं. प्रकाशने हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. खाली बघायचं धाडस मी केलं नाही. थोड्या वेळाने चावी फिरवली तर गाडी चालू झाली. वैभववाडी गेली, तळेरे गेलं. नांदगावला हायवेवर ती पुन्हा थांबली ती थांबलीच.

जवळच्या गॅरेजवाल्याने वायरी बघितल्या, मग सीटखालचं कार्पेट उचकटलं. खाली सुकलेल्या चिखलाचा थर. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या पट्ट्यावरही तोच चिखल. आमची माती तांबडी, हे तुम्ही पांढरे बूट घालून येता तेव्हा तुम्हाला कळतंच. ही काळी होती. कुठल्या तरी लांबच्या नदीचा पूर आत सुकून बसला होता.

"काकी, ही गाडी बुडलेली आसा," तो हळूच म्हणाला. "आख्खी वायरिंग बदललास तरी भरवसो नाय."

प्रकाशने तिथूनच डीलरला फोन लावला आणि आवाज मोठा केला, मला ऐकू यावं म्हणून. मी म्हटलं, अरे बाबा, आमी नांदगावाक अडाकलंव.  मग तो शुद्ध मराठीत बोलला, बँकेतल्या खिडकीतून बोलतात तसा.

"हे बघा आजी, गाडी तुम्ही समक्ष पाहून घेतली आहे. आता आमची जबाबदारी राहत नाही."

काकीची आजी झाले. पुढचं मी ऐकलंच नाही. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. कागदपत्रं मात्र आली, आणि त्यात गाडीवर बँकेचं कर्ज अजून उभं होतं. नाहीतर गाडी विकताही येईना, म्हणून ते फेडून गाडी नावावर करण्यात प्रकाशची उरलीसुरली पुंजी गेली.

तेव्हा लांबची गाडी घ्यायचीच असेल तर स्वतःचा मेकॅनिक न्या, मग डीलर तुमचा सख्खा भाचा का असेना. कार्पेट उचला, पट्टा ओढा, घाट चढवून-उतरवून बघा, कर्ज फिटल्याचा कागद हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. नारळ त्यानंतर फोडा. देव थांबतो, त्याला घाई नसते.

नांदगावहून ओढून आणलेली गाडी काही महिने आमच्या फणसाखाली होती. कोंबड्या तिच्या सावलीत बसायच्या, तेवढाच तिचा उपयोग. मग खारेपाटणच्या एका भंगारवाल्याने नेली. सुट्या भागांसाठी नेतो म्हणाला, तरी प्रकाशने त्यालाही कार्पेट उचलून माती दाखवली. तो नको म्हणत होता, हा दाखवत होता.

आणि पंधरवड्यापूर्वी प्रकाश ठाण्याला गेला. पुन्हा दुसऱ्याची गाडी, पुन्हा ताठ पाठ. निघताना म्हणाला, "आये, तू मनाक लावन घेव नको." लावून कसं घेऊ नको? मेकॅनिकला घरी ठेवणारी मीच. सून सकाळी चहाचे कप मोजून काढते तेव्हा एक जास्त निघतो, तो ती परत फळीवर ठेवते. आणि हल्ली प्रवासात कोणी मालवणीत बोलायला आलं की मी आधी गप्प बसते. हे फार वाईट झालं. पैशांपेक्षा वाईट.

तुम्ही या मात्र. खोल्या आहेत, तळं आहे, भाड्याची गाडी सांगून ठेवू. आणि परतताना तुमच्यापैकी कोणी ठाण्याच्या बाजूला जाणार असेल तर प्रकाशसाठी एक पिशवी न्या. कुळथाची पिठी, ओली करवंदं असतील तर तीही, आणि कोकमाच्या आगळाची एक बाटली, झाकण घट्ट लावून. सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, देऊ नका, खोलीत तिघं राहतात आणि एकाला वास सोसत नाही. आंबोळीचं पीठही नको. तिथे त्याच्याकडे बिडाचा तवा नाही.