सुरंगीच्या बुंध्याशी घातलेलं आळं

ये गो बाय, अशी जवळ ये. एवढी लांब बसलीस तर मला ओरडून बोलावं लागेल, आणि हे बोलणं ओरडायचं नाही. आधी तो फोन पालथा घाल. हे पत्र उघडलंस म्हणजे कागदावर तरी माझ्यासमोर आलीस, ते बरं झालं, नाहीतर तुझं आपलं नेहमीचं, "काकी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." तुझं ते नंतर काही उगवत नाही. थोरल्या दिरांची तू एकुलती मुलगी. आईबाप गेले तशी घराला कुलूप घालून गेलीस, त्यानंतर ना शिमगो, ना गणपती. रागावत नाही हो मी. पण रागावले नाही असंही नाही.

तुला आपल्या सुरंगीचं सांगायचंय. शहर हिरवं करायच्या कामात तू असतेस म्हणून तुलाच सांगते. आणि खरं बोलायचं तर तुझ्यावरही माझा थोडा संशय आहे, म्हणूनही.

आपल्या तीन घरांच्या पाठीमागची ती सुरंगी कोणी लावली ते कोणालाच ठाऊक नाही. भावकीत बांधाच्या मेरेवरून, विहिरीवरून, देवाच्या मानावरून काय काय झालं ते तू लहानपणी ऐकलंयस. पण सुरंगीवरून कधी तंटा नाही, कारण तिची पाळी ठरलेली. एक वर्ष तुमच्या थोरल्या घराची, एक माझी, एक धाकटीची. ज्याची पाळी त्याने कळे काढायचे, त्यानेच खालचं झाडून ठेवायचं, आणि बाकीच्या दोन घरांतल्या देवांना त्या कळ्यांचा पहिला गजरा, आपला वळेसर, पाठवायचा. तुमचं घर बंद झाल्यापासून तुमच्या पाळीचे कळे धाकटीच काढते, आणि माझा गुडघा गेला तेव्हापासून माझ्याही पाळीचे. म्हणजे नावाला झाड तिघांचं, कष्टाला तिचं एकटीचं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, तुझी धाकटी काकी. फुलायचा हंगाम आला की ऊन चढायच्या आत ती झाडावर. ऊन लागलं की कळी उमलते, मग ती ओवायच्या कामाची राहत नाही. भोवती मधमाश्या नुसत्या घोंघावत असतात आणि ही त्यांच्याशी बोलत ओचा भरते. "सरा गो बायांनो, तुमका फुलां, माका कळे." मग ओटीवर बसून वळेसर ओवायचे आणि टोपली घेऊन कट्टा गावच्या बाजारात जाऊन बसायचं. नवरा गेल्यावर तिने कोणापुढे हात पसरला नाही, तो ह्या झाडाच्या जिवावर. हे तू ध्यानात ठेव, पुढचं समजायला लागेल.

यंदा शिमगो सरला आणि एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, पण बूट चिखलात घालायचे. सुरंगीला टेप गुंडाळून मापं घेतली, फोटो काढले, खोडावर हात फिरवला. हात फिरवला तो मला आवडला नाही. आपण गुरं बाजारात बघताना फिरवतो ना, तसा.

"कोण गो तो?" मी धाकटीला विचारलं.

"झाडांचो डाक्टर."

"झाडांक डाक्टर? माका माझ्या गुडघ्याक एक गावणा नाय."

"शहरातली कायतरी योजना आसा म्हणे. जुन्या झाडांची सेवा करतत. फुकट."

फुकट म्हटलं की मी आधी पदराची गाठ चाचपते. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा धाकटीने त्याला घावणे घातले, नारळाचा रस केला, आणि चहा कुठल्या कपात, तर तिच्या लग्नातल्या. मला महिनाभर चहाला हाक नाही हिची! मी खिडकीतून बघत होते. तो हळू आवाजात बोलत होता, ही मान हलवत होती. माझी खात्री झाली की ह्यांचं काहीतरी शिजतंय.

मग दोन गडी आले कुदळी घेऊन. बुंध्यापासून चार हात सोडून त्यांनी चर खणायला घेतला, कंबरभर खोल. पण गोल पुरा केला नाही, अर्धाच ठेवला. धाकटी मेरेवरून मला ओरडून सांगते, "आळां घालतत गो! बघ, इतक्या वर्षांत आपल्याक सुचला नाय." माडाला आपण पावसाआधी आळं घालतोच की. आणि आळं दिसलं की आपल्या बायकांच्या हाताला दुसरं काही सुचतच नाही. त्यात शेणखत घालायचं, पातेरो घालायचा, राख घालायची, वरून पाणी. गडी चर अर्धामुर्धा मातीने भरून गेले, आणि ते गेल्याबरोबर धाकटी टोपल्यांनी शेणखत वाहायला लागली. मीसुद्धा दोन भारे पातेरो दिला. माझ्या काजूखालचा झाडून काढला होता तो, चुलीत घालायचा ठेवलेला. म्हटलं, संशय संशयाच्या जागी, झाडाने काय केलंय! धाकटी रोज विहिरीवरून कळशा आणून ओतायची. पोरीचं बाळंतपण करावं तसं चाललं होतं.

ते उघडं पाडलं कोंबड्यांनी. एका सकाळी माझ्या कोंबड्या आळ्यात शिरून उकरत होत्या. मी काठी घेऊन हाकलायला गेले तर शेणखताखाली मूळ दिसलं. मनगटाएवढं जाड, आणि करवतीने सरळ कापलेलं. कापल्या तोंडाला कसलासा लेप फासलेला. पुढे उकरलं, तर तिथेही तसंच. बाय, मी जन्मभर आळी घातली. आळं घालताना तंतू तुटतात, एखादं बोटाएवढं मूळ कुदळीत सापडतं. पण मनगटाएवढी मुळं कोणी करवतीने कापून वर त्यांना औषध लावत नाही.

मी तशीच धाकटीच्या पडवीत गेले. "इकलंस गो झाड?"

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलंन. "काय म्हणतंस?"

"झाड इकलंस काय, असा इचारतंय. पाळी तुझी म्हणान झाड तुझा झाला नाय."

"माका इकणारी म्हणतंस? तू? तुझ्या खळ्यात लाद्ये घातलंस तेवां पारिजातक खंय गेलो, ता कोणी इचारल्यान तुका?"

"पारिजातक माझ्या एकटीचो होतो."

"आणि सावली? ती पण तुझ्या एकटीची होती?"

ते मला लागलं. पारिजातक तोडून दारापुढच्या खळ्यात लाद्या घातल्यापासून दुपारी तिथे पाय ठेववत नाही, हे तिला मी सांगितलं नव्हतं, पण तिला काय दिसत नाही! मी तिचा हात धरून तिला आळ्याशी आणलं आणि मूळ दाखवलं. धाकटी खाली बसली. त्या कापल्या तोंडावर तिने पदर धरला, जखमेवर धरावा तसा. तेव्हा माझा तिच्यावरचा संशय अर्धा गेला. अर्धा राहिला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात तो झाडांचा डॉक्टर आला, तेव्हा मी धाकटीच्या ओटीवर आधीच जाऊन बसले होते. तो आळ्यावर गेला, वाकून बघितलं आणि खूश होऊन परत आला. "काकू, शेणखत घातलंत हे फार उत्तम केलंत. कापलेल्या मुळांना आता नवीन तंतू फुटतील, मातीचं गाठोडं घट्ट बसेल. आम्हाला सांगावंसुद्धा लागलं नाही."

"गाठोडां?" धाकटी म्हणाली. "गाठोडां कशाक?"

तेव्हा त्याने सगळं गोड करून सांगितलं. शहरं तापलीत. तुमच्या शहरात, म्हणजे तू राहतेस त्याच शहरात, त्यांचं मोठं संकुल उभं राहतंय, धूर कमीत कमी करणारं, हिरवं. त्यांना पहिल्या दिवसापासून सावली हवी. रोप लावून ते मोठं होईपर्यंत थांबायला वेळ नाही. म्हणून जुनी झाडं मुळांसकट न्यायची. आत्ता अर्धी मुळं कापली, बाकीची अर्धी पावसाआधी कापायची आणि क्रेन लावून उचलायचं. आमचा होकार त्याने धरूनच ठेवलेला.

"धूर कमी करूचो म्हणतास ना," मी म्हटलं. मग तो शहरी माणूस म्हणून मीही शहरी बोलले. "मग क्रेन कशावर चालते?"

"डिझेलवर."

"आणि ट्रक? सुरंगीला आडवी घालून फोंडाघाट चढणार, तो ट्रक?"

"आजी, त्याचा हिशेब आमच्याकडे वेगळा करतात."

"आणि झाड जगलं नाही तर?"

"बहुतेक जगतात."

"नाही जगलं तर, म्हणतेय मी."

"दुसरं आणतो. अशी गावं पुष्कळ आहेत, आजी."

हे तो वाईट तोंड करून नाही बोलला. सहज बोलला. तेच माझ्या मनात अजून खुपतंय.

मला तुझी ती इमारत आठवली. मोतीबिंदू काढायला आले होते तेव्हा तू मला तुझं ऑफिस दाखवायला नेलंस. केवढी काच, भर दुपारी दिवे, आणि दारातच पाटी, ही हरित इमारत आहे म्हणून. आत भिंतभर झाडं उभी लावलेली. मी हळूच एक पान चिमटीत धरलं, खरं होतं. पण माती बघायला गेले तर माती नाही, नळ्या. बाहेर रस्त्याकडेला एक झाड होतं, त्याच्या गळ्यापर्यंत सिमेंट. तू मला तेव्हा समजावून सांगितलंस, गच्चीवर पांढरा रंग दिला की घर कमी तापतं, झाडांची सावली असली की एसी कमी लागतो, चांगल्या बस झाल्या की माणसं आपल्या गाड्या घरी ठेवतात. मला पटलं होतं ते. तू सांगत होतीस तेव्हा तुझा चेहरा कसा उजळला होता! मी एवढंच विचारलं, की ही इमारत झाली तिथे आधी काय होतं. तू म्हणालीस, मोठी झाडं होती ओळीने. मी म्हटलं, मग ती गेली कुठे? तर तू हसलीस, "काकी, तुझं आपलं काहीतरीच."

तसं तर तसं. पण त्या माणसाला मी शेवटी विचारलं, एवढ्या गावांत तुम्हाला आमची सुरंगी सापडली कशी? रस्त्यावरून दिसत नाही ती. तर म्हणाला, कोणाच्या तरी फोनवर फोटो बघितला, लहान मुलगी झाडाखाली वळेसर घालून उभी आहे असा. बाय, तो फोटो तुझा. तुझ्या बाबांनी काढलेला. आता तू तो कोणाला कौतुकाने दाखवलास, की कामासाठी दाखवलास, की तुला न विचारता तो हातोहात फिरला, मला काय माहीत? फोनवर विचारलं असतं. पण फोनवर व्हिडिओ लावलास तरी तू उजेडाकडे पाठ करून बसतेस, तुझं तोंड दिसत नाही, आणि नुसत्या आवाजावर मी आता कोणाचंच काही मानत नाही.

तो गेल्यावर मला वाटलं, धाकटी आता शिव्या घालील. तिने कप विसळले, पालथे घातले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्हेयनात तर न्हेयनात."

"काय बोलतंस गो? न्हेऊक देवया म्हणतंस?"

"माका आता चढूक जमना नाय. यंदा दोनदा पाय सुटलो. कोणाक सांगूक नाय मी. फुडल्या वर्साक कळे कोण काढतलो? तू? तुझो गुडघो? ह्या वाडयेत एक पोर दाखव माका, सुरंगेखाली खेळणारा. थंय शहरात तरी पोरां आसतली. कोणतरी वर बघीत. वास खंयसून येता म्हणान इचारीत."

"आणि मेली वाटेत, तर?"

"हयसर उभी रवान तरी कोणासाठी रवतली?"

मी गुडघ्यावर हात टेकून उठले. घरी आले, देवापुढे दिवा लावला, जेवले, तरी तिचा प्रश्न पाठी होताच. शहराला सावली नको असं मी कुठे म्हणते? तिथेही माणसंच राहतात, तू राहतेस. पण तुमच्या शहराने आपल्या मातीत, आपल्या सिमेंटला भोक पाडून, थांबून सावली करावी. आमच्या मुळांवर करवत घालून हिरवं झालेलं हिरवं मला खरं वाटत नाही. धाकटीला मात्र हे पुरत नाही. तिला पुढच्या हंगामाला झाडावर चढणारं कोणीतरी हवंय. ते मी कुठून आणू?

आता झाड अर्ध्या मुळांवर उभं आहे. खालची पानं पिवळी पडायला लागलीत. धाकटी अजून कळशा ओततेच आहे. झाड राहावं म्हणून की जायला तयार व्हावं म्हणून, ते तिलाच ठाऊक. मी रोज सकाळी उठून आधी मागचं दार उघडून बघते, रात्रीत कोणी उरलेला अर्धा खणला नाही ना. तो माणूस सांगून गेलाय, पावसाआधी येतो.

सामायिक झाडाचं काय करायचं ते आपल्यात कसं ठरतं, तू बघितलंयस. तिन्ही घरांतलं एकेक माणूस झाडाखाली उभं राहतं, नारळ ठेवून ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगायचं. माझं मी सांगितलंय, नको. धाकटी म्हणते, थोरल्या घराचं ऐकल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. फोनवरचं चालत नाही तिला. म्हणजे आता राहिलीस तू. न्यायला हो म्हणायचं असेल तर धाकटीच्या डोळ्यांत बघून म्हण. नाही म्हणायचं असेल तर पुढच्या वर्षी कळे कोण काढणार तेही तूच सांग. दोन्हीपैकी काही सोपं नाही, मला कळतं. तरी गणपतीला येते असं सांगू नकोस, तेव्हा उशीर झालेला असेल. ह्याच आठवड्यात गाडीत बस आणि कट्ट्याला उतर, तिथे मी रिक्षा घेऊन उभी राहते. लवकर ये गो माझ्या बाय.