फळ्यावरची नर्मदा

पौषातली पहाट, घोडनदीवरून येणारा बोचरा वारा, आणि हरभऱ्याच्या ओल्या पाल्यावरून पिवळं पडलेलं मांजरपाट ओढत चाललेली माझी नर्मदाआत्या... पाल्यावरचं दव कापडात भरायचं, कापड जड झालं की आत्या ते काचेच्या बरणीवर धरून पिळायची, आणि थेंब थेंब जे आंबट पाणी उतरायचं त्याला आम्ही आंब म्हणायचो. कुणाचं पोट बिघडलं की दोन थेंब पाण्यातून द्यायचे. मी तिच्या मागून अनवाणी चालायचे. टाचांच्या भेगांना ती आंब अशी झोंबायची, की मी एका पायावर नाचायचे आणि आत्या हसायची. तीन-चार आठवड्यांचाच हा खेळ. घाटे भरले की आंब संपली.

आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन दौंडकडं गेली आणि दोन वर्षांत परत आली ती कायमची. तिला कुणी वाईट वागवलं असं नाही. पण राबायला ती सगळ्यांच्या पुढं, आणि मोजायला कुणाच्यातच नाही. घरात पाहुणे आले की ती चुलीपाशी. तिची ओळख करून द्यायची कुणाला आठवणच व्हायची नाही.

मी दहा वर्षांची होते तेव्हा आमच्या इनामगावाजवळ, शिरूरला एक हॉटेल निघालं. आजूबाजूच्या कारखान्यांतले साहेबलोक गाड्या घेऊन तिथं जेवायला येत. टेबलांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, मांडीवर घ्यायला तसेच शुभ्र रुमाल, आणि दारातच एक मोठा काळा फळा. मालक पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत उमेदवारी करून आलेला इथलाच गडी. वाढपी त्याला शेफ म्हणायचे, आम्ही आचारीमामा. त्याचा नेम असा, की हंगामात जे पिकेल तेच शिजेल, आणि ज्याच्या रानातून आलं त्याचं नाव, गाव फळ्यावर लागेल. दादा त्याला भाजी पोचवायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, आणि त्या फळ्यापुढून मला हात धरून ओढून न्यावं लागलं होतं. चाकवत कुणाचा, पावटा कुणाचा... खडूनं लिहिलेली ती नावं मला देवळातल्या देणगीदारांच्या पाटीहून थोर वाटली.

आचारीमामांना आंबेचा सुगावा दादांकडूनच लागला. लिंबाऐवजी ती वापरून बघायची त्यांना भारी हौस. शनिवारी बरणी पाठवा, रविवारी संध्याकाळी सगळे जेवायला या, असा त्यांचा निरोप आला – आणि आंबेपुढं आत्याचं नाव लागणार, हेही. मी तो आठवडाभर जमिनीवर नव्हते! शाळेत सगळ्यांना सांगून झालं. आत्याला कितीदा सांगितलं त्याची गणतीच नाही. ती नुसती "बघू" म्हणायची, पण ट्रंकेतलं जांभळं लुगडं तिनं चार दिवस आधीच काढून उन्हात टाकलं होतं.

शनिवारी पहाटे म्हैस व्यायला अडली, म्हणून आत्या गोठ्यातून हलू शकत नव्हती. तिनं मला पुढं धाडलं. खुंटीवर तिचं ते मांजरपाट होतं, पिवळं, डागाळलेलं... आणि माझ्या डोळ्यांपुढं आले हॉटेलातले शुभ्र रुमाल. असल्या जागी असल्या कळकट फडक्याची आंब पाठवायची? मी दोरीवरचं दादांचं धोतर ओढलं. साबणात खळखळून धुतलेलं, नीळ घातलेलं, डोळे दिपतील असं पांढरं. बरणी भरली. एरवी आत्यानं चाखल्याशिवाय आंब घराबाहेर जायची नाही. त्या दिवशी दादांना बाजाराची घाई होती, गेली तशीच.

रविवारी दिवेलागणीला आम्ही पोचलो. फळ्यावर तळाच्या ओळीत होतं – "हरभऱ्याची आंब – नर्मदा, इनामगाव". मी त्यातलं "नर्मदा" तेवढं मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्याला वाचता येत नसे; तिनं पदर नीट केला आणि फळ्याकडं न बघता आत गेली. मग काय ते ताट एकेक! कोवळ्या सोलाण्यांचं, म्हणजे ओल्या हरभऱ्याचं, वाफाळतं कढण, चिमुकल्या पेल्यांत. तिळाची चटणी लावलेली करंगळीएवढी वांगी. तव्यावरून थेट आलेली बाजरीची भाकरी, तिच्या पापुद्र्यात विरघळणारं लोणी... आईला त्या शुभ्र रुमालाला हात पुसवेना, ती गुपचूप पदरालाच पुसत होती. आणि मग आचारीमामा स्वतः घेऊन आले हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, शेंगदाणे, कांदा, आणि वरून शिंपडलेली आंब. आमच्यात पहिला घास आत्यानं घ्यायचा, असं त्यांनीच सांगितलं.

आत्यानं घास घेतला. तिचा हात तसाच थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, एकदाच.

"हे आनखी कुणाला वाढू नगा," ती म्हणाली. "ह्यात नीळ हाय. कापड चुकलं आमचं."

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. दादांनी खाली मान घातली. शेजारच्या टेबलांवरचे साहेब चवीनं खात होते, त्यांच्या ताटल्या उचलल्या जाऊ लागल्या. आचारीमामा गोंधळले, त्यांनी स्वतः तीनदा चाखली होती, आंबेची चवच अशी असेल असं त्यांना वाटलं होतं.

"भाऊ, तुमी आज चाखली," आत्या म्हणाली. "मी जलमभर चाखतीया."

मामा फडकं घेऊन फळ्याकडं निघाले तशी मी धावले आणि आडवी उभी राहिले. कापड मी बदललं, आत्यानं नाही, तिचं नाव पुसू नका – हे मी रडत सांगितलं की ओरडत, आता आठवत नाही. त्यांनी मला हलकेच बाजूला केलं. "हरभऱ्याची आंब" एवढंच पुसलं. "नर्मदा, इनामगाव" तसंच ठेवलं. मी आनंदानं तिथंच उडी मारली. जेवण होईपर्यंत ती ओळ तशीच होती, कुठल्याही पदार्थाशिवाय.

परतताना पिकअपमध्ये मी आत्याच्या कुशीत शिरून माराची वाट बघत होते. तिनं विचारलं भलतंच.

"माझ्या नावाम्होरं कुणाचं नाव लिवलं व्हतं गं? त्येंचं, दौंडच्यांचं का?"

"कुणाचंच न्हाई," मी म्हणाले. "नुसतं नर्मदा. आन् इनामगाव."

तिनं लुगड्याचा पदर माझ्या अंगावर ओढला. मग म्हणाली, "बेस झालं." माराचं नावच नाही!

पुढं मी शिकायला पुण्यात आले, तिथलीच झाले. गेल्या पावसाळ्यात गावाकडून फोनवर दशक्रियेच्या छापील निरोपाचा फोटो आला. घरच्यांनी रीतीप्रमाणं, आदरानंच छापला होता – आधी 'कैलासवासी', मग नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, दौंडकडचं ते गाव, शेवटी 'यांच्या पत्नी'... 'नर्मदा' कुठंच नाही. मी तो दोनदा वाचला. कोण गेलं, ते मला आधी कळलंच नाही.