इस्माईल बिन दाऊद बिन हसन

दुपारच्या उन्हात तापलेल्या जुन्या सागाला एक वास असतो. थोडा तेलाचा, थोडा मिठाचा, थोडा विस्मृतीचा! जेद्दाच्या बलद भागात, समुद्रावरचा दमट वारा प्रवाळदगडांच्या उंच घरांमधून वाट काढत येतो, तेव्हा घरांच्या जाळीदार लाकडी सज्जांमधून तो वास हळूच गल्लीत उतरतो. त्या सज्जांना इथे रोशन म्हणतात. तेरा वर्षं मी या शहरात राहते आहे, एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवते आहे. आणि इतक्या वर्षांत कोणत्याही रोशनखालून जाताना माझी मान वर वळली नाही, असं कधी झालेलं नाही. यातली एखादी जाळी माझ्या पणजोबांच्या हातची असेल का?

पणजोबा इस्माईल म्हणजे बाणकोटच्या खाडीकाठी गलबतं बांधणारे सुतार. हाजींच्या बोटीवर डागडुजीच्या कामाला म्हणून निघाले आणि जेद्दाला उतरले ते उतरलेच. आमच्या गावातून या किनाऱ्यावर येऊन राहणारा पहिला माणूस तो! पुढे त्याच वाटेने निम्मं गाव इथे आलं, राहण्याच्या परवान्याचे इकामे झाले, नोकरीला जामीन राहणारे कफील बदलले, गावात दुमजली घरं उभी राहिली. पण त्या पहिल्या माणसाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. कारण गावी त्यांची पत्नी आमिना होती, तीन वर्षांचा इब्राहिम होता, आणि ते परत आलेच नाहीत. इब्राहिम म्हणजे माझे आजोबा. “बाप आम्हाला विसरला,” एवढं एकच वाक्य त्यांनी आयुष्यभर उराशी धरलं आणि जाताना ते माझ्या वडिलांच्या हाती दिलं. अब्बांनी ते जमिनीच्या तुकड्यासारखं राखलं. मी जेद्दात विचारपूस सुरू केली तेव्हा फोनवर ते इतकंच म्हणाले, “त्या माणसाचा विषय माझ्या घरात नको.”

पण वारसा नाकारला म्हणून तो संपतो का? मला खात्री होती की कुठेतरी कागद असणार. माणूस जन्मतो, लग्न करतो, मरतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी दौतीत टाक बुडवून चार अक्षरं लिहितं. ती अक्षरं चिवट असतात.

बलदमध्ये हमीदचाचांचं अत्तराचं छोटं दुकान आहे. रायगडकडचे, सत्तरी ओलांडलेले. चुलत्याचा हात धरून इथे आले ते आजतागायत. सुरुवातीला मी त्यांच्याकडे पणजोबांचं आडनाव घेऊन गेले, तर ते हसले.

“बाई, परकार म्हणून इथे कोण ओळखणार? इथे माणूस बापाच्या नि आज्याच्या नावाने नोंदवतात. तीन नावं आण, मग बोलू.”

तीन नावं! पणजोबांच्या वडिलांचं नाव दाऊद, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडे आमच्या घराची स्मृती पोचत नव्हती. त्या वर्षी उन्हाळी सुट्टीत गावी गेले ती थेट जमातीच्या मशिदीत. खतीबसाहेबांनी कपाटातून निकाहनोंदींची वही काढली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण उर्दू अक्षर मोत्यासारखं. बरीच पानं उलटल्यावर त्यांचं बोट थांबलं. ते सावकाश वाचू लागले, “इस्माईल वल्द दाऊद वल्द हसन.” हसन! ज्या माणसाचं अस्तित्वही आम्ही विसरलो होतो, तो एका ओळीत तीन पिढ्या बांधून शांतपणे पडून होता.

त्याच आठवड्यात कचेरीत जुन्या खानेसुमारीची यादी पाहायला मिळाली. पणजोबा निघून गेल्यानंतरच्या मोजणीची. आमच्या घराच्या ओळीत कुटुंबप्रमुख म्हणून नाव होतं इस्माईलचं आणि पुढे लिहिलं होतं, ‘मुक्काम जेद्दा’. दारात आलेल्या कारकुनाला हे कोणी सांगितलं असेल? आमिनाखेरीज होतं कोण! सारा गाव तिला सोडलेली बायको म्हणत असताना, उंबऱ्यात उभं राहून तिने घरधनी म्हणून त्याचंच नाव लिहवून घेतलं. मी ती ओळ अब्बांना वाचून दाखवली. ते उठून अंगणात गेले. या वेळी ‘विषय नको’ म्हणाले नाहीत, हे मी मनात टिपून ठेवलं.

जेद्दाला परतल्यावर तीन नावांची चिठ्ठी हमीदचाचांपुढे ठेवली. त्यांनी डोळे मिटले. “नज्जार म्हणून एक घर आहे. नज्जार म्हणजे सुतार. त्यांच्या आईचा बाप हिंदी सुतार होता, त्यावरून ते नाव पडलं असं ऐकलंय. यल्ला, चल, विचारू तर खरं.”

पंधरा दिवसांनी, हमीदचाचांच्या ओळखीने, त्या नज्जारांच्या घरातून माझ्या मोबाइलवर एका कागदाचं छायाचित्र आलं. न्यायालयाचा जुना वारसदाखला, मृताच्या मागे कोण कोण उरलं याची साक्षीदारांसमोर झालेली नोंद. शाळेतल्या अरबीच्या शिक्षिकेने तो मला शब्दशः सांगितला. मृत, इस्माईल बिन दाऊद बिन हसन, हिंदी. वारस, पत्नी आमिना आणि पुत्र इब्राहिम, दोघे हिंदुस्थानात. पत्नी जैनब आणि कन्या खदीजा, दोघी जेद्दात. निवेदन करणारी, जैनब.

माझ्या लेकीने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “मम्मी, इट्स जस्ट अ लिस्ट.”

यादीच होती ती! पण त्या यादीपुढे मी किती वेळ बसून राहिले! समुद्रापलीकडच्या दोन जीवांची नावं जैनबने गिळली असती, तर तिला कोण विचारणार होतं? तिच्या पोरीचा हिस्सा मोठाच झाला असता. पण काळ्या अबायात काझीपुढे उभ्या राहिलेल्या त्या तरुण विधवेने आपल्या सवतीचं नाव आधी सांगितलं, सवतीच्या मुलाचं नाव सांगितलं, आणि मग स्वतःचं. आणि ती नावं तिला ठाऊक कशी झाली? ज्याने आपल्या मुलाला विसरून टाकलं, तो माणूस घरात त्याचं नाव कशाला घेईल?

हे मी फोनवर अब्बांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “ती खदीजा... हयात आहे?”

“आहे, अब्बा. ऐंशीच्या पुढे आहे. तुमची आत्या लागते.”

“मला मक्केला उमराहला यायचंच होतं,” ते म्हणाले. गेली दहा वर्षं तिकीट काढू म्हटलं की त्यांचे गुडघे दुखत असत!

उमराह आटोपून आम्ही खदीजाआजींच्या घरी गेलो. शहराच्या उत्तरेला, नातवाच्या नव्या इमारतीत त्या राहतात. नातवाने दार उघडलं, कहवा आला, खजूर आले. आजी ठेंगण्या, गोऱ्या, हनुवटीवर खळी असलेल्या. तशीच खळी अब्बांच्या हनुवटीवर दाढीखाली आहे. माझ्या हनुवटीवर तर उघडीच. त्यांनी अब्बांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अरबीत काही विचारलं. नातवाने ते हिंदीत आणलं, “दादी पूछ रही हैं, मेरा भाई कैसा दिखता था?”

अब्बा अवघडले. त्यांना तर वर्षानुवर्षं जपून आणलेला प्रश्न विचारायचा होता, आणि तो त्यांनी विचारलाही, “ते परत का आले नाहीत?”

आजींनी उत्तर शोधलं नाही, सजवलंही नाही. “दर हजनंतर म्हणायचे, पुढच्या वर्षी जाईन. मग मी झाले. मग छातीचं दुखणं झालं. लाज वाटायची त्यांना. इब्राहिमचं नाव घेऊन रडायचे, पण गेले नाहीत. चूक त्यांचीच.”

कागदांनी मला खूप दिलं, पण हे दिलं नव्हतं. आरोप खोटा ठरला नाही, फक्त अर्धा उरला. ते सोडून गेले होते, हे खरं. विसरले मात्र नव्हते. अब्बांनी मान हलवली, आणि मग आपल्या वडिलांविषयी बोलू लागले. त्यांची चाल, त्यांचं खोकणं, मासळी निवडतानाचा त्यांचा नखरा, होडीचा तळ ठोकून गळती ओळखणारी त्यांची बोटं. आधी हिंदीत, मग नकळत आमच्या गावच्या बोलीत. नातू अनुवाद करायचा थांबला तरी आजी ऐकतच होत्या. दुपार कलताना अस्रची अजान झाली तेव्हा त्या दोघांचे हात एकमेकांच्या हातांतच होते.

गावी परतल्यावर चौथ्या दिवशी अब्बांचा फोन आला. ते मशिदीत जाऊन आले होते. निकाहच्या वहीत इस्माईलच्या नोंदीपाशी जैनब आणि खदीजाची नावं लिहा, असं त्यांनी खतीबसाहेबांना सांगितलं होतं. खतीबसाहेब म्हणाले, ही वही गावच्या निकाहांची, परदेशातलं लग्न हिच्यात बसत नाही.

“मग?” मी विचारलं.

“मी म्हटलं, ओळीत बसत नसेल तर समासात लिहा,” अब्बा म्हणाले. “पण शाई पक्की वापरा. उद्या तिकडून कोणी शोधत आलं, तर त्याला आपलं घर सापडायला हवं.”