मधल्यानं मध्ये पडू नये

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण या किश्शातला गाढव मीच आहे.

आम्ही पाच भावंडं आणि मी बरोबर तिसरा. थोरल्या दोघांनी हुकूम सोडायचे, धाकट्या दोघांनी भोकाड पसरायचं, आणि मी? भांडण झालं की मी अंगणात जाऊन एकाला सांगायचं, 'तुझंच बरोबर आहे', आणि माजघरात येऊन दुसऱ्यालाही तेच! दोघंही खूश. पुढे सत्तर सालाच्या आसपास कारकून झालो, तर कचेरीतही तेच. कोणाला 'नाही' म्हणवत नव्हतं, म्हणून अख्ख्या खात्याच्या फायली माझ्याच टेबलावर.

अशात कन्हानची सुधा मला पसंत पडली. खोटं कशाला बोलू, तिला पाहिल्यापासून दुसरं काही सुचतच नव्हतं. तिचाही होकार होता. तिच्या घरच्या बैठकीत फक्त लग्नाचं ठिकाण ठरायचं राहिलं होतं. आमचे बाबा म्हणाले नागपूर, तिचे वडील म्हणाले कन्हान. अर्ध्या तासात आवाज चढले आणि बाबांनी निघायला म्हणून खुंटीवरची टोपी उचलली.

टोपी उचलली म्हणजे सोयरीक मोडलीच की हो! मी मनाशी म्हटलं, गड्या, जन्मभर याचीच तर तालीम केली. आता मागे हटायचं नाही, हे लग्न तूच जुळवायचं.

बाबांना अंगणात नेलं. म्हटलं, “बाबा, तुमचंच बरोबर आहे. आज झुकलो तं जन्मभर झुकावं लागीन.”

बाबांची छाती फुगली. मग तिच्या वडिलांना मागच्या विहिरीपाशी गाठलं.

“काका, तुमचंच बरोबर आहे. पोरीचं लग्न तिच्याच दारात व्हाले पाहिजे.”

त्यांनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. काय जमलं होतं म्हणता!

फक्त एक विसरलो. आमच्या घरी भांडण झालं की अबोला असायचा, त्यामुळे मी कोणाला काय सांगितलं ते कोणी कोणाला विचारत नसे. हे दोघं सरळ बैठकीत गेले आणि पुन्हा जुंपली. आधी नुसता हट्ट होता, आता दोघांचीही खात्री पटलेली!

“तुमचा पोरगाच म्हणून राहिला का माहं बरोबर आहे,” काका म्हणाले.

बाबा माझ्याकडे वळले. “काहून रे? मले काय सांगितलं होतं तू?”

आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय बोलावं? मी म्हणालो, दोघांचंही बरोबरच आहे. झालं! बाबांनी टोपी घातली, काकांनी दार उघडून धरलं.  सुधा हातची गेली होती, आणि ती घालवली होती मीच.

तेवढ्यात सुधा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ती चार बहिणींतली थोरली.

“कामठीले करा,” ती म्हणाली. “ना नागपूर, ना कन्हान. अन् बसा आता, चहा थंडा होऊन राहिला.”

दोन्ही म्हातारे मुकाट्यानं बसले. बाबांनी टोपीसुद्धा पुन्हा खुंटीला लावली.

कामठी! नागपूर आणि कन्हानच्या मधलं गाव. येतानाच वाटेत लागलं होतं. ते नेमकं मधल्यालाच सुचू नये? मी तिचं कौतुक करायला तोंड उघडलं.

“तुमी मधात बोलू नका,” ती म्हणाली. “कपबश्या उचला.”

मी उचलल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून उचलतोय.