कल्याणप्पांची पावडर

आमचे अप्पा, म्हणजे कल्याणप्पा, माणूस भला. पण त्यांच्या भलेपणाचा त्रास नेहमी दुसऱ्यालाच व्हायचा. कुणाची गाय लंगडली की हे तेलाची बाटली घेऊन हजर. कुणाचं पोर खोकलं की यांच्या खिशातून ज्येष्ठमध निघायचा. आमची आई शांतम्मा म्हणायची, ह्यांना कुणी विचारत नाही तरी हे सांगतात, आणि सांगून थांबत नाहीत, करूनच टाकतात.

माकणीपासून कोसभरावरच्या आमच्या गावात दूध संस्था निघाली, तेव्हा दूध मोजायला अप्पाच बसले. सकाळी बायामाणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची. अप्पा प्रत्येकाच्या दुधात काचेची नळी सोडायचे. नळी नीट तरंगली तर दूध कॅनमध्ये जायचं. खाली गेली तर पाणी घातलंय असं समजायचं. त्या नळीला गावात कोर्टाचा मान होता, आणि अप्पा त्या कोर्टाचे जज्ज.

चांगुणा बौद्ध वस्तीतली. नवरा धरणाच्या कालव्यावर कामाला, आणि घरात एक काळीभोर म्हैस. तिला सभासद करून घ्यायची वेळ आली, तेव्हा संचालक सिद्रामप्पांनी कुरकुर सुरू केली, की तिचं दूध वेगळ्या भांड्यात घ्या, पुढचं पुढं बघू. अप्पांनी ऐकलं नाही. पहिल्याच दिवशी तिचं दूध सगळ्यांच्या कॅनमध्ये ओतलं आणि सिद्रामप्पांना म्हणाले, आता काढा वेगळं. त्या गोष्टीचा आम्हाला घरी फार अभिमान होता. अप्पांना जरा जास्तच होता.

तिथूनच घोटाळा झाला. चांगुणाचं दूध गावात सगळ्यांत सरस निघावं, सिद्रामप्पांचं तोंड कायमचं बंद व्हावं, असं अप्पांच्या डोक्यात बसलं.

ब्याऐंशी सालच्या रब्बीत शेतकी खात्याच्या माणसानं मुरमाड रानात हरभऱ्याचा एक प्लॉट करून दाखवला होता. पेरण्याआधी गुळाच्या पाण्यात पांढरी पावडर कालवून ती बियाण्याला चोळली. पीक असं हिरवंगार उठलं की लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. पावडरीचा डबा बराच उरला, तो संस्थेच्या कपाटात पडून राहिला. वरच्या कागदावर अमोनियम मॉलिब्डेट असं छापलेलं होतं. अप्पांना ते वाचायची गरज वाटली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात अप्पा जनावरांच्या छावणीवर राबले होते. तिथं उसाच्या मळीत थोडा युरिया कालवून वैरणीवर शिंपडायचे, आणि मरायला टेकलेली जनावरं त्यावर तगायची. शेतात टाकायचं खत जनावराच्या पोटात जातं आणि जनावर जगतं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हरभरा उठवणारी पावडर म्हशीला का मानवू नये? पाहिलेल्या गोष्टीवरून न पाहिलेली गोष्ट ठरवायची, ही आपल्याकडची जुनी खोड. अप्पांनी पावडरीची पुडी बांधून चांगुणाला दिली आणि रोज पेंडीतून चिमूटभर घाल म्हणाले, ताकदीची आहे. पुडी संपली की दुसरी द्यायचे. तिनं देवाचा प्रसाद घ्यावा तशी ती घेतली, असं मी म्हटलं असतं. पण चांगुणाचा देवावर भरवसा नव्हता. अप्पांवर होता.

त्या वर्षी मी बाळंतपणाला आले, ती नवऱ्याला सोलापुरात खोली मिळेपर्यंत माहेरीच राहिले. घरचं दूध घालायला मीच जायची, म्हणून पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

उन्हाळ्यात चांगुणाची म्हैस हगवणीला लागली. हाडं दिसायला लागली, दूध निम्म्यावर आलं, आणि तिचा काळा रंग उडून विटक्या तांबूस केसांची ती कुणा दुसऱ्याचीच म्हैस वाटायला लागली. एके सकाळी अप्पांनी तिच्या दुधात नळी सोडली, तर नळी खाली गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. सिद्रामप्पा शेजारीच उभे होते, नुसते हसत. आणि अप्पा, ज्यांनी तिच्यासाठी भांडण घेतलं होतं, ते भर रांगेत तिला म्हणाले, "चांगुणा, माझी तरी लाज ठेवायची व्हतीस. पानी कशाला घातलंस?"

"घातलं न्हाय, अप्पा," ती म्हणाली.

"नळी खोटं बोलत न्हाय."

ती किटली घेऊन मागं फिरली. त्या दिवसापासून संस्थेनं तिचं दूध बंद केलं. वस्तीतल्या आणखी दोघी सभासद होणार होत्या. त्यांचंही पुढं ढकललं गेलं, आणि ते कुणी पुन्हा काढलं नाही.

थोड्याच दिवसांत लोहाऱ्याहून गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले. अप्पांनी त्यांना सहज म्हणून त्या म्हशीचं सांगितलं. रंग उडाल्याचं ऐकून डॉक्टर थांबले. तिला काय खाऊ घालता, असं खोदून विचारायला लागले, तेव्हा अप्पांनी डबा आणून दाखवला. डॉक्टरांनी कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. हे खनिज पिकालाही लागतं, जनावरालाही, माणसालाही, पण नखावर घेतलं तरी दिसणार नाही इतकंच. आणि ते चाऱ्यातून आपोआप मिळतं. चिमूट म्हणजे त्याच्या शेकडो पट झाली. जास्त झालं की ते अंगातलं तांबं टिकू देत नाही, मग हगवण लागते, केसांचा रंग जातो, दूध पातळ पडतं. पावडर आजच बंद करा, म्हणाले, आणि मोरचुदाच्या मोजून पुड्या बांधून दिल्या. मोरचुदातलं तांबं ती तूट भरून काढेल.

हे अप्पांनी तेव्हा घरात कुणाला सांगितलं नाही. आम्हाला दिसलं ते एवढंच, की माणूस जेवणावरून उठतोय आणि वस्तीकडची वाट टाळतोय. मोरचुदाच्या पुड्या मात्र चांगुणाला पोचवल्या. तिनं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. पहिलं औषध बंद कर, आता हे दे, एवढंच बोलणं झालं.

म्हैस सुधारली. पाऊसकाळ निम्मा सरला तोवर काळा केस पुन्हा धरला. आणि एका दुपारी चांगुणा आमच्या दारात आली, पदराखाली मक्याची कोवळी कणसं घेऊन. आईला म्हणाली, "अप्पांमुळं म्हस वाचली. आख्ख्या वस्तीत सांगत फिरते म्या." अप्पा आत खाटेवर होते. ते बाहेर आले नाहीत. कणसं भाजली, तर त्यांनी एकही तोंडात घातलं नाही. आईनं विचारलं, तेव्हा भिंतीकडं तोंड करून ते लहान पोरासारखे रडले. आपल्या बापाला रडताना बघणं फार वाईट. मला तेव्हा कीव आली. खरं कारण ठाऊक असतं तर संताप आला असता.

दुसऱ्या सकाळी ते स्वतः जाऊन चांगुणाला किटलीसकट रांगेत घेऊन आले. जिथं बोललो तिथंच बोलायचं, म्हणाले. आणि सगळ्यांसमोर सांगितलं: पाणी नव्हतं, पावडर होती, ती मीच दिली होती, डॉक्टरांनी सांगूनही मी इतके दिवस गप्प बसलो.

मग काय झालं? लोकांनी अप्पांची पाठ थोपटली. कबूल करायला छाती लागते, असं कुणी म्हणालं. सिद्रामप्पासुद्धा म्हणाले, जाऊ द्या, माणूस चुकतो, उद्यापासून तिचं दूध घ्या. सगळे अप्पांचीच समजूत घालत होते. किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईकडं कुणी बघितलं नाही. मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

चांगुणा पुढं आली. "अप्पा, तुमच्या म्हशीला किती दिस घातली व्हती ती पावडर?"

"न्हाय घातली," अप्पा म्हणाले. "शांतम्मा नको म्हणली. नवं काय बी आपल्या जनावरावर करू नका म्हणली."

"मंग माझ्या म्हशीवर करा, आसं म्हणल्या व्हय त्या?"

"न्हाय. ते म्याच ठरीवलं."

तिनं मान हलवली, आणि किटली पुढं ठेवली. अप्पांनी नळी बाजूला सारली आणि दूध तसंच कॅनमध्ये ओतायला हात घातला, तर तिनं किटलीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"समद्यांचं मोजता तसं मोजा," ती म्हणाली. "अन् त्या दिवशी बोललात तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

अप्पांनी नळी सोडली. दूध चोख होतं, मला जवळूनच दिसत होतं. पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मागं रांग खोळंबली होती, आणि चांगुणा किटलीशी तशीच उभी होती, त्यांच्या तोंडाकडं बघत.