मामूंसाठी मासा होताना

हट्टी माणसं जगात पुष्कळ असतील, पण एका लाकडी खेळण्याच्या हट्टापायी मासळी सोडणारा रत्नागिरीकर आजवर एकच झाला, आणि तो कुवेतमध्ये माझ्या शेजारी मांडी घालून डाळभात जेवत असे. शहरातल्या शर्क भागात, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत आमची मेस होती. मेसमधली सगळी मंडळी रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची मुसलमान. कुणी दुकानात, कुणी गोदीवर. मी एकटा सातारचा, नकाशे काढणारा, म्हणून सगळ्यांचा मास्तर, आणि शुद्ध शाकाहारी. दर शुक्रवारी सतरंजीच्या या टोकाला मी आणि माझी डाळ, त्या टोकाला कालवणाचं पातेलं आणि बाकीचं सारं जग, अशी फाळणी असे. त्या जगाचे पुढारी म्हणजे मामू. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, त्यामुळे सगळ्यांचेच होते.

मामू मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते, पण त्यांचा खरा व्यवसाय निवडण्याचा. कुठलीही वस्तू परीक्षा घेतल्याशिवाय ते घरात आणत नसत. कलिंगड घ्यायचं तर ते आधी वाजवत, मग कानाशी धरत, मग खाली ठेवून थोडं लांबून त्याच्याकडे बघत. एकदा चपला घ्यायला गेले आणि एका पायात एक, दुसऱ्यात दुसरी अशा घालून दुपारच्या नमाजाची वेळ होईपर्यंत दुकानात येरझारा घालत राहिले. शेवटी दुकानदार म्हणाला, "दोन्ही एकेकच घेऊन जा, पण जा." मामूंनी त्यालाच समजावलं, "भाय, पाय माजे हाईत. घाई तुमची कशाला?"

अशा माणसाच्या हाती त्या दुकानात येणाऱ्या एका अमेरिकन साहेबानं गावी परतताना लाकडाचा एक मासा ठेवला. बोटभर लांब, रंगवलेला, हनुवटीखाली पत्र्याची जीभ, पोटाला तीन टोकांचे दोन गळ. पाण्यातून ओढला की जिभेमुळे तो खाली बुडी मारतो आणि जिवंत असल्यासारखा थरथरतो, आमच्याकडच्या तळ्यात ह्यानं बास नावाचा मोठा मासा मिळतो, असं साहेब म्हणाला. बास म्हणजे आपला जिताडाच, असं मामूंनी जागच्या जागी ठरवून टाकलं. मेसमध्ये तो मासा हातोहात फिरला. स्वयंपाक करणाऱ्या दाऊदनं तो पातेल्यावर धरला आणि विचारलं, "मामू, सागवानाला चिंच किती घालू?" सगळे खो खो हसले. मामू हसले नाहीत. त्यांच्या तीन पिढ्या होडीवर, हातात नुसती दोरी धरून मासे काढत आलेल्या. त्यांनी लाकडी मासा खिशात ठेवला आणि भरल्या सतरंजीवर कसम घेतली, "ह्यो लाकडाचा मासा खरा मासा घेऊन येईल, तवर मासली मना हराम!" पुढच्या शुक्रवारी ते ताट उचलून माझ्या टोकाला येऊन बसले.

आता ह्या माशाला काठी हवी होती. बाजारात एका इराण्याचं गळ-दोऱ्यांचं दुकान होतं. मामूंनी त्यातली सगळ्यात ताठ काठी निवडली. वाकवायला गेलं तर वाकणारच नाही, अशी. तिथंच एक काचेच्या धाग्यांची नवीन, लवलवणारी काठी होती, तिच्याकडे बघून मामू म्हणाले, "ही काठी हाय का शेवई?" मग दर शुक्रवारी सकाळी शहराबाहेर सलव्याच्या किनाऱ्यावर आमची मोहीम निघू लागली. तेव्हा तिकडे वस्ती फारशी नव्हती, नुसती वाळू, खडक आणि डब्यातल्या पोळीवर बसणारं ऊन. मामू लाकडी मासा लांब फेकत आणि काठीच्या चाकावर दोरा गुंडाळत. मधूनच काहीतरी गळाला लागे. मामू काडकन झटका मारत, काठी हिसका देई आणि दोरा एकदम सैल पडे. मासा गेलेला. असं पुन्हा पुन्हा झालं. एकदा तर गळाच्या टोकाला माशाच्या ओठाचं कातडं तेवढं आलं. मामू त्याकडे बराच वेळ बघत राहिले.

तिकडे दाऊद मुद्दाम हामूरचं कालवण करू लागला. हामूर म्हणजे त्यांच्या गावचा हेकरू. मामू पातेल्याकडे पाठ करून बसत, पण वास आला की त्यांचा घास तोंडाशी थबके. त्यांचे गाल बसले. सदरा खांद्यावरून उतरू लागला. मेसमधले लोक आता थट्टा सोडून विनवण्या करू लागले. "मी नाय हरत," एवढंच ते म्हणत आणि माझ्याकडे डाळ मागत. मला त्यांची काळजी वाटे हे खरं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या टोकाला कुणीतरी जेवायला होतं, ह्याचा आनंदही होई.

एका संध्याकाळी ते मला इराण्याच्या दुकानात घेऊन गेले. बरोबर आपली ताठ काठी होती. तिच्या दोऱ्याचं टोक त्यांनी माझ्या बोटाला एक वेढा देऊन अडकवलं आणि म्हणाले, "मास्तर, आता तुमी मासा व्हा."

"मी? अहो, मी मासा खातसुद्धा नाही."

"म्हणून तर! आमाला नुसती चव कलते. माशाची बाजू तुमालाच कलेल. पला!"

गिऱ्हाइकं बघत होती. मी दुकानभर पळालो, हात झटकले, मान हलवली, शेवटी इराण्याच्या मेजाखालीही शिरलो. प्रत्येक झटक्यानंतर दोरा क्षणभर सैल पडे आणि माझं बोट अलगद वेढ्यातून निसटे. मामू डोळे मिटून काठी धरून उभे. मग त्यांनी एकामागून एक काठ्या घेतल्या आणि मी एकामागून एक सुटत गेलो. शेवटी, निव्वळ नाइलाज म्हणून, त्यांनी ती शेवई उचलली. मी पळालो, तशी ती पार मुठीपर्यंत वाकली. मी परत फिरलो, तशी माझ्या मागोमाग उठली. हिसके देऊन बघितले, पण दोरा एकदाही सैल पडेना. मी धापा टाकत उभा राहिलो. बोट वेढ्यातच होतं.

मामूंनी डोळे उघडले. ते भरून आले होते. "माज्या बापाचा हात असाच होता, मास्तर," ते म्हणाले. "दोरी हातात असली की हात लवतो. मी काठी घेतली न् लवायचं इसरलो."

मामूंनी शेवई विकत घेतली, पण इराण्यानं ताठ काठी परत घेतली नाही. तिच्यावर मेसचे टॉवेल वाळू लागले. पुढच्या शुक्रवारी सलव्याला पुन्हा काहीतरी गळाला लागलं. मामूंचा हात झटक्यासाठी उठला आणि त्यांनी तो दात-ओठ आवळून खाली आणला. काठी वाकली, आणखी वाकली. "पल," मामू पुटपुटत होते, "पल बाबा, पल." बऱ्याच वेळानं वाळूवर एक दणदणीत हामूर आला, ओठात लाकडी मासा घट्ट अडकवून. त्या दुपारी दाऊदनं पहिली वाटी मामूंना दोन्ही हातांनी दिली. मामू वाटी चाटूनपुसून जेवले. सतरंजीच्या त्या टोकाला बसून.

कसम पुरी झाली होती, त्यांनी तिथं बसणंच योग्य होतं. तरीही मला माझं टोक त्या दिवशी फार रिकामं वाटलं.

काही वर्षांनी गावी आई एकटी पडली म्हणून मामू मुंबईच्या बोटीनं कायमचे निघाले. धक्क्यावर सगळी मेस जमली होती. मामू बोटीच्या कठड्याशी उभे, हातात तीच काठी. लाकडी मासा काढून त्यांनी दोऱ्याचं नुसतं टोक माझ्याकडे सोडलं. मला काही सांगावं लागलं नाही. मी बोटाला एक वेढा घेतला. बोट धक्क्यापासून हलली. ह्या खेपेला पळत होते ते मामू. चाकावरचा दोरा सुटत राहिला, काठी मुठीपर्यंत वाकली, पण त्यांनी झटका दिला नाही आणि मीही दिला नाही. त्या काठीवरून मी कधीच सुटलो नव्हतो. दोरा संपत आला, बोटाला काचू लागला, तेव्हा मी बोट सरळ केलं. लांबवर मामूंच्या हातातली काठी सरळ झालेली मला दिसली.