अडकित्त्याने फोडलेल्या सुपाऱ्या

मला कागद आवडत नाहीत. त्यातून आपलं नाव ज्यावर आधीच कुणी लिहून ठेवलंय, तो कागद तर मी हातातसुद्धा धरत नाही. माणगावच्या दवाखान्यात कागद भरून घेणाऱ्या मुलीने माझ्यापुढे सरकवला, तो असाच होता.

"काका, गेला महिनाभर तुम्ही कसे होतात ते यात भरायचंय. किती दिवस दुखलं, जेवण गेलं का, काम जमलं का. खरं सांगा हां."

खरं सांगा म्हणे! मी काय कोर्टात उभा होतो?

माझं स्वादुपिंड कायमचं सुजलंय. दोन घास जास्त झाले की पोटातली कळ आरपार पाठीत जाते आणि गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. आजाराचं नाव ऐकलं की लोक आधी माझ्या डोळ्यांत बघतात, मग विचारतात, "किती घ्यायचात?" अरे, उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही मी! पण सांगता कुणाला? सख्खा मेहुणासुद्धा गालातल्या गालात हसतो.

मुंबईहून महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, की ऑपरेशन करायचं की गोळ्यांवर भागवायचं, ते ठरवताना ते हा कागद बघणार. मला काही ते पटलं नाही. कागद दवाखान्यातच राहतो कशावरून? श्रीवर्धनला मी दुसऱ्याच्या बागेत सुपारी उतरवतो. एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घ्यायचा, दुसरं धरायचं, पाय जमिनीला न लावता दहा-बारा झाडं करायची. चढणाऱ्याने दुखण्याखुपण्याचं नाव काढायचं नाही, हा आमच्यातला रिवाज. बागायतदार खालून विचारतो, "बरा हायस ना रे?" आपण म्हणायचं, "बरा हाय." मागे एकजण बोलून गेला, आज जरा गरगरतंय. तो आता खळ्यात बसून सुपाऱ्या सोलतो.

म्हणून मी त्या मुलीला सगळं उत्तम सांगितलं. दुखलं? एकही दिवस नाही. जेवण? भरपूर. डॉक्टरांनी कागद वाचला, माझ्या गळ्याच्या हाडांकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं, मग थांबू या." अशा तीन खेपा झाल्या.

इकडे घरात वेगळंच काहीतरी शिजत होतं. बायको कधी बागेकडे न फिरकणारी, ती आता सकाळी येऊन विहिरीपाशी उभी राहायची. काम ना धाम, नुसती वर बघत. ही माझ्यावर पाळत ठेवते की काय? त्यात मिठाच्या बरणीमागे एक डबा सापडला. उघडला तर आत सुपाऱ्या. काही अख्ख्या, काही अडकित्त्याने फोडलेल्या. माझी खात्रीच पटली, की ही कुठल्यातरी भगताकडे जाते आणि मी चोरून पितो असं त्याने हिच्या डोक्यात भरवलंय. रागाने मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

चौथ्या खेपेला ती म्हणाली, "मी पण येते." एसटीत तिच्या मांडीवरची पिशवी खडखडत होती.

"काय हाय त्यात?"

"काय न्हाय."

दवाखान्यात मुलीने कागद काढला. "काका, किती दिवस दुखलं?"

"एकही..." एवढं मी बोलतो तोच हिने डबा काढला आणि कागदावर उपडा केला. सुपाऱ्या टेबलभर पळाल्या. मुलीने दोन्ही हात आडवे लावून अडवल्या.

"ह्यांनी जेवणाचं ताट दूर सारलं, की त्या दिवसाची एक टाकते," बायको म्हणाली. "ह्या गेल्या महिन्याच्या हायत."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अगो, गप बस! बागेत कळलं तर उद्यापासून घरी बसवतील मला."

"बसवू देत."

मुलीने एक तुकडा उचलला. "काकू, ह्या फोडलेल्या कशाच्या?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळची पेज तशीच ठेवून, पोट दाबत हे झाडावर चढले, त्या दिवसांच्या. मी खाली उभी होते."

मला कसली लाज वाटली कोण जाणे, पण तोंडातून रागच निघाला. "खाली उभी राहून काय करणार होतीस? वरनं पडलो असतो तर झेलणार होतीस मला?"

"व्हय," ती म्हणाली.

मुलीने जुना कागद बाजूला ठेवला, कोरा काढला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी सुपाऱ्या मोजायला घेतल्या.